कॉर्निश–विंडसरचा छताचा लाकडी पूल पाहायला जायचे आहे : काय आणि कसे पाहावे?

पूर्णाकाठचे गुरुजी (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

सर्वांना नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका लहान गावात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबनन या गावी राहतात. येत्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार आहोत. मुलीने मोठ्या शहरांचे बेत आखले आहेत, परंतु तिने पाठवलेल्या छायाचित्रांपैकी एका छायाचित्रावर माझे मन जडले आहे. रुंद नदीवर एक लांबलचक लाकडी पूल आहे, त्याला दोन्ही बाजूंनी फळ्यांच्या भिंती आणि वर घरासारखे उतरते छप्पर आहे, आणि त्या छपराखालून मोटारी ये-जा करीत आहेत. कॉर्निश आणि विंडसर या दोन गावांना जोडणारा हा पूल मुलीच्या घरापासून फार लांब नाही, असे ती म्हणते. एक दिवस तिकडेच जाऊ, असा हट्ट मी धरला आहे.

या ओढीचे कारणही सांगतो. आमच्या गावाचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पावसाळ्यात पाण्याखाली जातो, पलीकडच्या वस्तीतील मुलांची शाळा बुडते आणि आजारी माणसाला तालुक्याला नेणे अवघड होते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी हे पाहत आलो. त्यामुळे पूल ही वस्तू माझ्यासाठी नुसती पाहण्याची कधीच नव्हती. लाकडाचा पूल दीडशेहून अधिक वर्षे नदीवर उभा राहतो, हे वाचले तेव्हा तो कसा उभा राहिला हे समजून घेतल्याशिवाय परत यायचे नाही, असे मी ठरवले.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. पुलावर छप्पर कशासाठी घालीत? तेथे बर्फ फार पडतो म्हणून, की वाटसरूला आडोसा मिळावा म्हणून? पुलात शिरल्यावर नेमके कोठे पाहावे, म्हणजे बांधणी कळेल? माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात, तेव्हा तिला फार चालावे लागणार नाही अशा बेताने काय काय पाहता येईल? परत आल्यावर शाळेतील मुलांना हे सारे समजावून सांगायचे आहे, तेव्हा उत्तरे थोडी सविस्तर असली तरी मला आनंदच होईल.

वर्धेकर, सध्या न्यू इंग्लंडमध्ये (अमेरिकेचा ईशान्य भाग)

गुरुजी, सादर नमस्कार. मी मूळचा आर्वीचा. आपण ज्या पुलाविषयी विचारीत आहात त्या परिसरात माझे वरचेवर जाणे होते, म्हणून आधी प्रवासाचे सांगतो. बांधणीविषयी येथील अभियंते माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहितील.

लेबननहून कनेक्टिकट नदीच्या पूर्व काठाने दक्षिणेकडे जाणारा १२-ए हा रस्ता धरावा. साधारण अर्ध्या तासात उजव्या हाताला पूल दिसतो. महामार्गाने पलीकडून जाण्यापेक्षा हा रस्ता सावकाश असला तरी शेतांमधून आणि जुन्या घरांजवळून जातो, आणि पूल अचानक समोर येतो तो याच बाजूने. पूर्वेकडचे गाव कॉर्निश हे न्यू हॅम्पशायरमध्ये आणि पश्चिमेकडचे विंडसर हे व्हर्मोंट राज्यात. न्यू हॅम्पशायरच्या काठावर गाडी बाजूला घेऊन थांबण्याची सोय आहे आणि तेथेच माहितीचा फलक लावलेला आहे. काकूंना पूल पाहण्यासाठी तेथून फारसे पुढे जाण्याची गरज नाही, कारण संपूर्ण पूल, खालची नदी आणि मागे ॲस्कटनी डोंगर असे सगळे दृश्य याच काठावरून दिसते. आपण पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहत असल्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीशी असते. छायाचित्रे घ्यायची असतील तर सकाळ सोडू नये.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हा पूल नुसता जपून ठेवलेला नाही. तो आजही वाहतुकीचा रस्ता आहे. आत उजेड कमी असतो, बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या चालकाला पायी माणूस चटकन दिसत नाही. म्हणून आत मध्येच उभे राहून वर पाहत बसू नये. जावईबापूंना गाडी अगदी सावकाश चालवायला सांगा आणि जाताना आणि येताना दोन्ही वेळा उजवीकडे मन लावून पाहा, म्हणजे दोन्ही भिंती पाहून होतील. तोंडाशी उभे राहूनही आतली रचना बरीच दिसते. प्रवेशाच्या वर एक जुनी पाटी आहे, तिच्यावर घोडे चालवत न्यावेत, नाहीतर दोन डॉलर दंड भरावा, अशा अर्थाचा मजकूर आहे. घोड्यांच्या एका लयीत पडणाऱ्या टापांनी पुलाला हादरे बसतील, ही भीती त्यामागे होती.

फलकावर पुलाची लांबी ४६० फूट लिहिली आहे. प्रत्यक्ष मापानुसार ती ४५० फुटांच्या आसपास भरते. पूल १८६६ साली बांधला आणि त्याला ९,००० डॉलर खर्च आला. या जागेवरचा तो चौथा पूल होय. पहिला १७९६ मध्ये, दुसरा १८२४ मध्ये, तिसरा १८५० मध्ये झाला होता आणि ते तिन्ही नदीने नेले. आपल्या रपट्याचे वाचून मला हे मुद्दाम सांगावेसे वाटले. आजचा पूल एका खासगी मंडळीने टोल घेण्यासाठी बांधला. १९३६ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने तो विकत घेतला आणि १९४३ पासून टोल बंद झाला. नदीचे पात्र जवळजवळ पलीकडच्या काठापर्यंत न्यू हॅम्पशायरचे आहे, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३३ मध्ये दिला. त्यामुळे दोन राज्यांमधील या पुलाचा बहुतेक सगळा भाग एकाच राज्यात मोडतो.

दिवसभराचा बेत करायचा असेल, तर पूल ओलांडून विंडसरमध्ये जावे. तेथे १८४६ सालच्या एका जुन्या शस्त्रकारखान्याच्या इमारतीत अमेरिकन प्रिसिजन म्युझियम आहे. एकसारखे, परस्परांच्या जागी बसणारे सुटे भाग यंत्रावर तयार करण्याची पद्धत ज्या ठिकाणी रुजली, त्यांपैकी हे एक महत्त्वाचे ठिकाण. येथील बंदुका १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडल्या गेल्या होत्या. जवळच व्हर्मोंटची राज्यघटना जुलै १७७७ मध्ये जेथे स्वीकारली गेली ते जुने घर आहे. त्या घटनेने प्रौढ माणसांच्या गुलामगिरीला मनाई केली होती. कॉर्निशच्या बाजूला ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराचे घर व बाग राष्ट्रीय उद्यान म्हणून जपली आहे. ही ठिकाणे हिवाळ्यात बंद असतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र सहसा उघडी असतात. निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात. त्या दिवसांत झाडांची पाने लाल-पिवळी झालेली असतात आणि सुटीच्या दिवशी रस्त्यांवर फार गर्दी होते, म्हणून शक्य असेल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. सकाळ-संध्याकाळ गारठा असतो. काकूंसाठी लोकरी शाल आणि मोजे जवळ असू द्यावेत.

सेवानिवृत्त अभियंता, अकोला

गुरुजींचा पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

छप्पर माणसासाठी नसून लाकडासाठी आहे. पुलाचा सगळा भार पेलणारी लाकडी कैची (इंग्रजीत ट्रस, म्हणजे आडव्या-तिरप्या लाकडांची सांगड) दोन्ही बाजूंना उभी असते. ती उघडी राहिली तर पावसाचे पाणी सांध्यांमध्ये, खाचांमध्ये आणि खुंट्यांच्या भोकांमध्ये मुरते, तेथे ते लवकर वाळत नाही आणि सांधा आतून कुजतो. तुळई बाहेरून धडधाकट दिसते आणि सांध्यात मात्र तिचा भुसा झालेला असतो. लाकडातील ओलावा सतत २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत मोडकळीस येई. त्याच पुलावर छप्पर आणि बाजूंना फळ्या घातल्या आणि वेळच्या वेळी डागडुजी केली, तर तो शंभर वर्षे सहज टिकतो. अमेरिकेतील पहिला ज्ञात छताचा पूल फिलाडेल्फियाला टिमथी पामर यांनी बांधला, तो १८०५ मध्ये पुरा झाला. त्यावर छप्पर घालण्याची सूचना रिचर्ड पीटर्स या न्यायाधीशांची होती. छप्पर घातले की कैची वाचते आणि कैची वाचली की पूल वाचतो, हा हिशेब तेव्हापासून पक्का झाला.

बर्फाविषयी आपला तर्क स्वाभाविक आहे, परंतु वस्तुस्थिती अगदी उलट होती. हिवाळ्यात तेथील लोक चाकांच्या गाड्या ठेवून घसरगाड्या जुंपीत आणि त्या चालायला रस्त्यावर बर्फ लागे. छपरामुळे पुलाच्या आत बर्फ पडत नसे आणि कोरड्या फळ्यांवर घसरगाडी अडे. म्हणून गावे पैसे देऊन माणूस ठेवीत आणि तो फावड्याने बाहेरचा बर्फ आणून पुलात पसरी. वाटसरूला आडोसा मिळे, जनावरे दोन्ही बाजूंचे वाहते पाणी न दिसल्यामुळे बिचकत नसत, हे फायदे खरेच होते, पण त्यांच्यासाठी एवढे लाकूड कोणी खर्ची घातले नसते.

आता कोठे पाहावे ते सांगतो. पुलात शिरल्यावर छपराकडे न पाहता बाजूच्या भिंतींकडे पाहावे. बाहेरच्या फळ्या हे केवळ आवरण आहे. त्यांच्या आत तिरप्या लाकडांची दाट जाळी दिसेल. काही लाकडे एका दिशेने कललेली, तेवढीच दुसऱ्या दिशेने कललेली, आणि त्यांच्या एकमेकांना छेदण्याने चौकटीमागून चौकटी तयार झालेल्या. जाळीच्या वरच्या आणि खालच्या कडेने पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड आडव्या तुळया आहेत. गाडी पुलावर आली की खालच्या तुळया ताणल्या जातात, वरच्या दाबल्या जातात, आणि मधली जाळी हा भार तिरप्या वाटेने काठाच्या दगडी बांधकामापर्यंत आणि नदीतल्या मधल्या खांबापर्यंत पोहोचवते. नदीत मधला खांब एकच आहे. म्हणजे पुलाचा प्रत्येक गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, २०० फुटांहून थोडा अधिक आहे. लाकडाच्या पुलासाठी हे फार मोठे अंतर आहे आणि मला स्वतःला या पुलाविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो या एका आकड्यामुळे.

या जाळीच्या कैचीचे पेटंट इथिएल टाउन या वास्तुरचनाकाराने १८२० मध्ये घेतले आणि १८३५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती केली. त्याच्या आधीच्या कैच्यांना जाड, लांब, निवडक लाकडे आणि कसलेले कारागीर लागत. टाउनने सगळी जाळी एकाच मापाच्या सरळ फळ्यांतून उभी केली. कोणत्याही गिरणीत त्या फळ्या कापून मिळत, साधे सुतार त्यांना भोके पाडून लाकडी खुंट्यांनी जोडू शकत आणि गावोगाव पूल उभे राहू शकत. तो पुलाच्या दर फुटामागे एक डॉलर मानधन घेई आणि त्याला न विचारता बांधलेला पूल आढळला तर दोन डॉलर मागे. कॉर्निश–विंडसरच्या बांधकऱ्यांनी, म्हणजे बेला फ्लेचर आणि जेम्स टास्कर यांनी, या कल्पनेत एक महत्त्वाचा बदल केला. पातळ फळ्यांऐवजी त्यांनी चौरस कापलेली जाड लाकडे घेतली आणि जेथे दोन लाकडे एकमेकांना छेदतात तेथे दोहोंत खाचा पाडून ती एकमेकांत बसवली.

१९७० मध्ये अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने या पुलाला ऐतिहासिक अभियांत्रिकी वारसा म्हणून मान दिला. दीर्घकाळ तो त्या देशातला सर्वांत लांब छताचा पूल म्हणून ओळखला जाई. २००८ मध्ये ओहायो राज्यात ६१३ फूट लांबीचा नवा पूल झाला आणि तो मान तिकडे गेला. कॅनडातील हार्टलंडचा पूल मात्र या सर्वांहून लांब, १,२८२ फूट आहे.

सुतारकाम, मूल (जि. चंद्रपूर)

अभियंता साहेबांनी कैचीचे फार छान सांगितले. आमच्या घरात सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून लाकडाच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

ही जाळी डोळ्यांपुढे आणायची तर आमच्याकडची बांबूची ताटी आठवावी. ताटीत कामट्या एकमेकींच्या खालून-वरून जातात आणि विणीमुळेच घट्ट राहतात. टाउनच्या जाळीत तसे विणकाम नाही. एका दिशेच्या सगळ्या फळ्या एका थरात आणि दुसऱ्या दिशेच्या दुसऱ्या थरात असतात आणि प्रत्येक छेदावर त्यांना खुंट्यांनी जखडलेले असते. कॉर्निशच्या पुलात खाचांमुळे लाकूड लाकडाला चावते, त्यामुळे सगळा जोर खुंटीवर येत नाही. कामाच्या दृष्टीने हे कठीण आहे. खाच जरा सैल झाली तर सांधा हलतो, जास्त खोल झाली तर लाकूडच कमजोर होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींत मिळून असे शेकडो छेद येतात आणि ते सगळे नेमके जुळले तरच जाळी एकसंध काम करते. गुरुजी, आपण तोंडाशी उभे राहाल तेव्हा एखाद्या छेदावर नजर स्थिर करा आणि त्या खाचेची धार पाहा.

दुसरे पाहण्याजोगे म्हणजे खालच्या तुळयांचे जोड. दोनशे फुटांचे लाकूड कोणत्याही जंगलात मिळत नाही. तुकडे जोडावेच लागतात. जोड दिलेली जागा ताणाला नेहमी कच्ची असते, म्हणून शेजारी-शेजारी लावलेल्या तुळयांचे जोड एका रेषेत येऊ देत नाहीत. एकीचा जोड जेथे येतो तेथे शेजारची अखंड असते. आमच्याकडे मोठ्या वाड्यांच्या लांब तुळयांचे जोड खांबावर घेतात, कारण खाली आधार असतो. तेथे खाली नदी आहे, आधार नाही. म्हणून ही काळजी.

आपल्या आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागवानाला अंगचेच तेल असते, त्यामुळे वाळवी आणि कूज त्याला बऱ्याच अंशी सोडून राहतात. तेथील स्प्रूस आणि पाईन ही हलकी, सरळ वाढणारी, कापायला सोपी लाकडे आहेत, पण ओलाव्यापुढे ती लवकर हार खातात. छपराची गरज त्यांना सागवानापेक्षा कितीतरी अधिक आहे.

एका गोष्टीची मात्र मला खंत वाटते. १९८९ च्या मोठ्या दुरुस्तीत या पुलातील काही मुख्य तुळया बदलून त्या जागी लाकडाचे थर चिकटवून केलेल्या तुळया बसवल्या, असे मी वाचले. जुन्या कारागिरांच्या हातची खाच जेथे होती तेथे कारखान्यातून आलेली तुळई बसली, तर पाहणाऱ्याला १८६६ चे काय उरले? डाग लागलेला भाग तेवढा कापून त्या जागी तसेच अखंड लाकूड बसवण्याची आमच्याकडे रीत आहे. ती वेळखाऊ असते, परंतु कारागिराचा हात त्यात टिकतो.

सेवानिवृत्त अभियंता, अकोला

सुतार भाऊंची खंत मला समजते आणि तेथेही दुरुस्तीवरून असाच मतभेद झाला होता. माझे मत थोडे वेगळे आहे. तो पूल दुरुस्तीपूर्वी गाळ्याच्या मध्यावर खाली झुकू लागला होता. लाकडी पूल बांधताना मध्यभागी किंचित वर उचललेला ठेवतात, म्हणजे पुढे भाराने तो सपाट होतो. तो उंचवटा नाहीसा होऊन उलट पोट सुटू लागले, की खालच्या तुळया जास्त ताणल्या जातात. शिवाय आजच्या मोटारींचे वजन घोडागाडीच्या काळातील हिशेबात नव्हते. अशा वेळी दोनच वाटा उरतात. एक तर पूल रहदारीला बंद करून तो जसाच्या तसा जपायचा, नाहीतर मुख्य तुळया बळकट करून त्याला रस्ता म्हणून चालू ठेवायचे. मला दुसरी वाट पटते, कारण वापरात असलेल्या पुलाकडे गावाचे आणि सरकारचे रोज लक्ष असते, छपराची एक फळी निखळली तरी कोणीतरी कळवते. बंद पडलेल्या पुलाचे छप्पर गळू लागले तर ते कळायलाच वर्षे जातात. तरीही बदललेला भाग कोणता आणि मूळचा कोणता, हे पाहणाऱ्याला ओळखता आले पाहिजे, एवढे सुतार भाऊंचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो.

मूळचे हातकाम जवळून पाहायचे असेल, तर कॉर्निशमध्येच टास्कर यांनी बांधलेले लहान पूल आहेत. ब्लॅकस्मिथ शॉपचा पूल १८८१ चा आणि डिंगलटन हिलचा १८८२ चा. त्यांची कैची जाळीची नसून उभे खांब आणि तिरपे टेकू अशा जुन्या पद्धतीची आहे. तेथे वर्दळ फारच कमी असते, त्यामुळे गुरुजींना निवांत उभे राहून पाहता येईल. माझ्या मते हे दोन पूल पाहिल्याशिवाय मोठा पूल नीट कळत नाही. लहान गाळ्याला काय पुरते हे डोळ्यांनी पाहिले, की मोठ्या गाळ्याला जाळी का लागली ते आपोआप ध्यानात येते.

पूर्णाकाठचे गुरुजी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने आणि तपशिलाने उत्तरे मिळतील अशी मला अपेक्षा नव्हती. मुलीला हे सारे वाचून दाखवले. लहान दोन पूल आधी आणि मोठा नंतर, असा क्रम तिने ठरवला आहे. लहान पुलांमुळे मोठ्या पुलाची सकाळ चुकू नये म्हणून आम्ही पहाटेच निघू.

एक शंका अजून आहे. आपल्याकडे असे छताचे पूल का झाले नाहीत? आणि एक भाबडा प्रश्न विचारतो. रपट्यावर काही आच्छादन करून त्याचे आयुष्य वाढेल काय?

सेवानिवृत्त अभियंता, अकोला

गुरुजी, प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर देताना पुलाचे दोन शत्रू वेगळे करावे लागतात. एक वरून येणारा पाऊस आणि दुसरा खालून येणारा पूर. छप्पर पहिल्याशी लढते, दुसऱ्यापुढे त्याचा काहीच उपयोग नाही. कॉर्निशचे आधीचे तिन्ही पूल नदीनेच नेले. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात व्हर्मोंटमधील बार्टन्सव्हिलचा १८७० सालचा छताचा पूल वाहून गेला. त्याच धर्तीचा नवा पूल तेथे बांधून २०१३ मध्ये सुरू केला, पण गेलेला तो गेलाच. उलट पुराचे पाणी भिंतीपर्यंत चढले तर त्या फळ्यांच्या भिंती पाण्याला आणि वाहून येणाऱ्या झाडांना अडवतात आणि पुलावरचा जोर वाढतो. म्हणून असा पूल पुराच्या पातळीच्या बराच वर असावा लागतो.

आपला रपटा काँक्रीटचा असतो. त्याला पावसाने कूज येत नाही. त्याचे दुखणे उंचीचे आणि खालून पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेचे आहे. कमी खर्चात नाला ओलांडता यावा म्हणून तो मुद्दाम ठेंगणा बांधतात आणि मोठा पूर त्याच्या डोक्यावरून जाऊ द्यावा, असाच त्याचा आराखडा असतो. खालच्या नळ्यांत काडीकचरा आणि गाळ अडकला की लहानशा पावसातही पाणी वर चढते. म्हणून मृगापूर्वी नळ्या साफ करून घेणे हे गावाच्या हातातले काम आहे. कायमचा उपाय मात्र उंच पूल हाच. भामरागडला पर्लकोटा नदीच्या ठेंगण्या पुलामुळे दर पावसाळ्यात अनेक गावांचा संपर्क तुटत आला आहे. तेथेही मागणी उंच पुलाचीच होती. ग्रामसभेच्या ठरावासोबत पुराच्या खुणा आणि रस्ता बंद राहिलेल्या दिवसांची नोंद जोडली, तर मागणीला वजन येते. शिक्षकाच्या हजेरीपटाइतका चांगला पुरावा दुसरा नसतो. कोणत्या दिवशी पलीकडची मुले आली नाहीत ते त्यात तारखेनिशी लिहिलेले असते.

असे पूल आपल्याकडे का झाले नाहीत, याचे एक कारण समोरच आहे. पश्चिम विदर्भात काळा बसाल्ट दगड जागोजाग मिळतो, म्हणून पक्के बांधकाम दगड-चुन्यात होई. न्यू इंग्लंडमध्ये सरळ वाढणारे लाकूड, पाण्यावर चालणाऱ्या कापगिरण्या आणि सुतार हे तिन्ही गावागावांत होते. हिमालयाच्या बाजूला लाकूड मुबलक, म्हणून भूतानमध्ये पुनाखा येथे छताचा लाकडी पूल आहे. १७ व्या शतकातील मूळ पूल पुरात गेला आणि आजचा २००८ मध्ये पुन्हा उभारला. व्हिएतनाममधील होई आन येथेही छताचा जुना पूल आहे. जेथे जे साहित्य मुबलक, तेथे त्याचा पूल झाला.

शिक्षिका, आर्णी (जि. यवतमाळ)

गुरुजी, मुलांना समजावून सांगण्यासाठी एक प्रयोग सुचवते. बुरडांकडून बांबूच्या एकाच मापाच्या कामट्या आणाव्यात आणि मुलांकडून जाळीच्या दोन सारख्या भिंती करून घ्याव्यात. प्रत्येक छेदावर सुताने घट्ट बांधावे, वर व खाली जाड कामटी आडवी बांधावी आणि मग दोन्ही भिंती खालून-वरून आडव्या काड्यांनी जोडाव्यात. हा पूल दोन बाकांच्या मध्ये ठेवून मध्यभागी रिकामी बादली टांगावी आणि मापाने पाणी ओतत जावे. पहिल्यांदा काही छेद मुद्दाम न बांधता पाहावे, नंतर सगळे बांधून पाहावे. कितव्या लिटरला पूल वाकतो ते मुलांनी स्वतः लिहावे. सुतार भाऊंनी सांगितलेले सांध्यांचे महत्त्व असे हातांना कळते.

छपराचा धडा मात्र एका तासात होणार नाही, त्याला पूर्ण पावसाळा लागेल. असे दोन सारखे पूल करून मृगाच्या आधी शाळेच्या आवारात विटांवर ठेवावेत. एकावर कवेलूंचे किंवा पत्र्याचे छोटे छप्पर करावे आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याऐवजी पातळ फळीचे तुकडे लावावेत, दुसरा उघडाच ठेवावा. जमिनीची ओल आणि वाळवी दोघांनाही सारखीच लागावी म्हणून विटांची उंची एकच असू द्यावी, नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही. दसऱ्यानंतर दोन्ही पूल आत आणून चांगले वाळू द्यावेत आणि त्याच बादलीने, त्याच मापाने तपासावेत. आपण ऑक्टोबरमध्ये तिकडे असाल, म्हणून हा प्रयोग पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी मुलांकडून तयार करून ठेवावा. आमच्या शाळेतही आम्ही त्याच वेळी तो मांडू, म्हणजे दोन गावांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतील.